नेमकं काय हवंय ते सांगा

आमच्या चर्चच्या मंडळीत प्रार्थनेला उभं राहिलेलं माणूस आधी देवाला सगळं जग फिरवून आणतं. देशाचे पुढारी, सीमेवरचे जवान, दवाखान्यातले रोगी, तुरुंगातले बंदिवान, दूरदेशी सुवार्ता सांगणारे सेवक, सगळ्यांसाठी मागून होतं. मग आवाज खाली येतो आणि "आमच्याही गरजा तू जाणतोस, बापा" एवढं म्हणून आमेन. त्या माणसाचा पोरगा दिवाळीपासून कामावर गेलेला नसतो. गल्लीला ते माहीत असतं, देवाला तर असतंच. पण बापाच्या तोंडून ते काही निघत नाही.

लोक याला नम्रता म्हणतात. मला त्यात नम्रता थोडी आणि सावधगिरी जास्त दिसते. मागितलंच नाही म्हणजे न मिळाल्याचं दुःख नको, आणि देवाचीही पंचाईत नको!

आमच्या महिला मंडळाची प्रार्थनेची वही बरीच वर्षं माझ्याकडे आहे, म्हणून हे बोलते. आम्ही श्रीरामपूरच्या बाजूला, उसाच्या पट्ट्यात राहतो. शुक्रवारी दुपारी कुणाच्या तरी घरी सतरंजी पडते, दोन गीतं होतात, पाळकीणबाई, म्हणजे पाळकसाहेबांच्या (पाद्रींच्या) बायको, एखादा उतारा वाचतात आणि मग विषय गोळा होतात. दोनशे पानी लाँगबुक, त्यात लाल पेनानं आखलेले चार रकाने: तारीख, नाव, विषय, उत्तर. आधीच्या पाळकीणबाईंनी आखून दिलं, मी तेच पुढं चालवलंय. माझं अक्षर बरं आणि घर चर्चच्या जवळ, एवढ्याच पात्रतेवर ही वही माझ्याकडे आली.

सुरुवातीला मी बायका सांगतील ते लिहून घ्यायचे. "घरासाठी." "शांतीसाठी." "मुलांसाठी." पानंच्या पानं अशी. काही महिन्यांनी उत्तराचा रकाना भरायला बसले तर काही सुचेना. घरासाठी मागितलं होतं, त्याचं काय झालं म्हणून लिहायचं? घर तर जागेवरच होतं.

तेव्हापासून मी विचारायला लागले. "घरासाठी म्हणजे नेमकं काय? बांधायचंय, गळतंय, की घरात भांडण आहे?" बायकांना आधी राग आला. एक जण म्हणाली, देवाला सगळं कळतं, तुला कशाला सांगायचं? पण आमच्यात एक म्हाताऱ्या मावशी आहेत, त्यांनी वाट सोपी करून दिली. त्यांचा विषय नेहमीचा, "गुडघ्यांसाठी". मी विचारलं, गुडघ्यांचं काय व्हावं? दुखायचे थांबावेत? मावशी थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "दुखू दे गं, या वयात कुणाचे दुखत नाहीत. मला फक्त प्रभुभोजनाच्या वेळी सगळ्यांबरोबर खाली टेकता आलं पाहिजे. मी एकटी बाकावर बसून राहते, ते मला सोसत नाही." सगळ्या बायका त्यांच्या तोंडाकडे बघत राहिल्या. इतकी वर्षं आम्ही त्यांच्या गुडघ्यांसाठी प्रार्थना करत होतो आणि त्यांना काय हवंय ते आम्हाला ठाऊकच नव्हतं. मला तर वाटतं, म्हणेपर्यंत मावशींनाही ते धड ठाऊक नव्हतं.

यरीहोच्या रस्त्यावर बार्तीमय नावाचा आंधळा भिकारी येशूला हाका मारत सुटतो, ही गोष्ट मार्कच्या शुभवर्तमानात दहाव्या अध्यायात आहे. लोक त्याला गप्प बसवतात, तो जास्तच ओरडतो. येशू त्याला जवळ बोलावतो आणि विचारतो, मी तुझ्यासाठी काय करावं? समोरचा माणूस आंधळा आहे हे शेंबडं पोरही सांगेल. तरी विचारतो. भिकाऱ्यानं पैसे मागितले असते तर तेही चाललं असतं, रोजचं मागणं तेच होतं त्याचं. तो म्हणतो, मला दृष्टी यावी. ते त्याच्या तोंडून यावं लागलं.

"देवाला आधीच माहीत आहे, मग मागायचं कशाला" या प्रश्नाला माझ्याकडे याहून चांगलं उत्तर नाही. आणि हा प्रश्न टाळता येणारा नाहीच, कारण तो खुद्द येशूच्या तोंडच्या शब्दांतून निघतो. मत्तयाच्या सहाव्या अध्यायात आठव्या वचनात तो सांगतो की तुम्ही मागण्यापूर्वीच तुमच्या गरजा तुमच्या पित्याला ठाऊक आहेत. आणि तीनच वचनं पुढं, अकराव्यात, मागायला शिकवतो: "आमची रोजची भाकर आज आम्हाला दे." त्याला या दोन्ही गोष्टी एकमेकींच्या विरुद्ध वाटल्या नाहीत. आम्हाला मात्र पहिली ऐकली की दुसरी टाळायला निमित्त मिळतं.

आता माझ्या घरचं सांगते.

आमचे हे एका साखर कारखान्यात टाइम ऑफिसला होते. कारखान्याचं नाव घेत नाही, ज्यांना कळायचं त्यांना कळेल. या भागात कारखान्यातली नोकरी म्हणजे सोयरीक जुळवताना सांगायची गोष्ट. मोळी पडली, म्हणजे गाळप सुरू झालं, की गावात पैसा फिरायचा. मग एक हंगाम असा आला की गाळप लवकर आटोपलं, पुढचा पगार लांबला, त्यापुढचाही लांबला. हंगामी कामगारांना बिगरहंगामात रिटेन्शन, म्हणजे काम नसतानाचा भत्ता, मिळतं, तेही अडलं. आमचे हे कायम कामगार, म्हणजे ह्यांना रोज जायचं, हजेरी मांडायची आणि महिनाअखेर हात हलवत परत यायचं. दुसऱ्यांची हजेरी बिनचूक मांडणाऱ्या माणसाला स्वतःच्या घरी कोणता आकडा सांगावा ते कळत नव्हतं.

किराणावाल्या शेठजींची वही आमच्या वहीपेक्षा लवकर भरायला लागली. त्यांनी कधी तोंडानं मागितलं नाही, पण तेलाचा पुडा हातात देताना थांबायचे, आणि ते थांबणं मला कळायचं. मी सकाळी बालवाडीत, दुपारी पिको-फॉल. भाजी, दूध, लाइटबिल त्यातून निघत होतं. मोठी अडचण होती मुलीच्या डी. फार्मसीच्या फीचा दुसरा हप्ता, अठरा हजार.

घरात आम्ही दोघं रात्री प्रार्थना करायचो. ह्यांची प्रार्थना: "प्रभू, तुझ्या इच्छेप्रमाणे होऊ दे." मी एका रात्री म्हटलं, अहो, त्याच्या इच्छेप्रमाणे काय व्हायचं ते होईल, पण तुमची इच्छा काय आहे ती तरी त्याला सांगा. हे चिडले. म्हणाले, मी त्याला आकडा सांगू? मी म्हटलं, सांगा की. शेठजींना आकडा माहीत आहे, कॉलेजला माहीत आहे, मग बापालाच का सांगायचा नाही? त्या रात्री मीच मोठ्यानं मागितलं: अठरा हजार रुपये, वीस तारखेच्या आत. ह्यांनी आमेन म्हटलं, पण जरा उशिरानं.

पुढच्या शुक्रवारी मी तोच विषय वहीत लिहिला. स्वतःच्या हातानं, स्वतःच्या नावापुढं, आकड्यासकट. दुसऱ्यांना "नेमकं काय?" विचारणाऱ्या बाईला स्वतःवर वेळ आली की किती जड जातं ते तेव्हा समजलं. सतरंजीवर शांतता. मग पाळकीणबाईंनी प्रार्थना केली. चहा झाला. बायका उठता उठता आमच्यातली एक शिंपीणकाकू म्हणाली, "या महिन्याची भिशी कुणाची निघायचीय?" चिठ्ठ्या अजून काढायच्या होत्या. तिनं काढूच दिल्या नाहीत. "हिला देऊन टाका. हिची चिठ्ठी पुढं निघेल तेव्हा ज्याची अडचण असेल त्याला द्या." भिशीची रक्कम अठरा हजार नव्हती, कमी होती. राहिलेले पाळकीणबाईंनी आणि मावशींनी घातले, मावशींनी त्यांच्या पेन्शनीतून. फी वेळेत भरली.

घरी येऊन सांगितलं तर हे खूश व्हायच्या ऐवजी दोन दिवस बोलले नाहीत. घरातलं चव्हाट्यावर मांडलं, हा त्यांचा मुद्दा. आणि तिसऱ्या दिवशी बोलले ते जॉर्ज म्युलरचं नाव घेऊन.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. म्युलर हे जन्मानं प्रशियाचे, 1805 चे, पण आयुष्य काढलं इंग्लंडात ब्रिस्टलला. तिथं त्यांनी अनाथाश्रम चालवले. भाड्याच्या घरांत सुरुवात झाली, मग 1849 पासून अ‍ॅशली डाउन नावाच्या टेकाडावर एकापाठोपाठ पाच मोठ्या इमारती. त्यांच्या हयातीत दहा हजारांहून जास्त मुलं तिथं वाढली. त्यांचा नेम असा की पैशाची गरज कुणा माणसाला सांगायची नाही, फक्त देवाला सांगायची. वर्गणी नाही, कर्ज नाही. आमच्या ह्यांच्या तरुणपणी शब्बाथ शाळेत म्युलरांची गोष्ट हमखास सांगायचे, ती ह्यांच्या मनावर कोरली गेलेली. "म्युलरनी कधी कुणापुढं तोंड उघडलं का?"

मी म्हटलं, तोंड नसेल उघडलं, पण दरवर्षी अहवाल छापून काढायचे ना? काय आलं, काय लागलं, कुठल्या दिवशी तिजोरीत किती शिल्लक होतं, सगळं त्यात असायचं. लोक ते वाचायचे आणि पैसे पाठवायचे.

हे माझं अर्धं बरोबर होतं, आणि उरलेलं अर्धं ह्यांनी मला वाचून दाखवलं. 1841 च्या अखेरीला आश्रमात अगदीच खडखडाट होता. तेव्हाच वार्षिक सभेची आणि अहवालाची वेळ आली. म्युलरांनी दोन्ही पुढं ढकललं, काही महिने. आत्ता अहवाल काढला तर लोकांना वाटेल आम्ही आडून मागतोय, म्हणून. मला हा माणूस त्या गोष्टीमुळं जास्त आवडला. मी त्यांना चतुर समजत होते, ते आपल्या नेमाला फार चोख निघाले.

तरी माझं मत बदललं नाही. म्युलरांनी स्वतःच सांगून ठेवलंय की अनाथाश्रम काढण्यामागचा पहिला हेतू, देव आजही विश्वासू आहे हे लोकांना डोळ्यांनी दिसावं, हा होता. ते त्यांचं खास पाचारण. प्रत्येक संसारी माणसानं तोंडाला कुलूप लावून बसावं असा काही नियम त्यातून निघत नाही. पौल गलतीकरांना लिहितो की एकमेकांची ओझी वाहा. ओझं दिसलंच नाही तर वाहायचं कसं? देवाकडं अठरा हजार मागितले आणि ते शिंपीणकाकूच्या हातून आले. मी देवालाच सांगून गप्प बसले असते तर आले नसते असं मी म्हणणार नाही, त्याचे रस्ते मला मोजता येत नाहीत. पण या रस्त्यानं आले, एवढं वहीत लिहिलंय.

नेमकं मागण्यात आमच्या पंडिता रमाबाईंइतकी धीट बाई मला दुसरी ठाऊक नाही. त्यांनी म्युलरांचं चरित्र वाचलं होतं आणि असं आपल्या देशात का होऊ नये, हा विचार त्यांच्या डोक्यात बसला होता. विधवा मुलींसाठीच्या त्यांच्या शारदा सदनाला अमेरिकेतल्या मंडळानं मदत कबूल केली होती ती दहा वर्षांपुरती. ती मुदत संपत आलेली. त्या सुमाराला त्या आपल्या काही मुलींना घेऊन लोणावळ्याच्या शिबिराला गेल्या. ख्रिस्ताकडे वळलेल्या पंधरा मुली बरोबर होत्या. रमाबाईंनी देवाला सांगितलं, या पंधराचा वर्ग कर. दोनशे पंचवीस! शास्त्र्याची लेक, संस्कृत मुखोद्गत, हिशेबातही कमी नव्हती. एवढ्या मुली ठेवायला तेव्हा जागाही नव्हती.

पुढं 1896-97 चा दुष्काळ पडला. रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, बेवारस मुलींना घेऊन आल्या, शेकड्यांनी. केडगावच्या माळावर मुक्ती सदन उभं राहिलं. मी तिथं एकदा बायकांबरोबर गेले होते, दौंडवरून पुण्याकडच्या गाडीनं. स्टेशनवर उतरून चालत जाता येतं. तिथल्या विहिरींची गोष्ट सगळे सांगतात, दुष्काळात रोज उपसून तळ दिसायचा आणि सकाळी पुन्हा पाणी असायचं. आमच्यातल्या बायका विहिरीत वाकून बघत होत्या. मी मात्र त्या पंधराच्या वर्गापाशीच अडकले होते.

कारण एक गोष्ट मला पचत नाही, ती लिहूनच टाकते. रमाबाईंनी मुली मागितल्या, आणि त्या आल्या दुष्काळातून. त्या प्रत्येक पोरीमागं एक मेलेलं घर होतं. याला प्रार्थनेचं उत्तर म्हणताना माझी जीभ अडखळते. दुष्काळ देवानं पाडला असं मी म्हणत नाही, रमाबाईंनीही म्हटल्याचं मला माहीत नाही. तो पडलाच होता, आणि आधीच मोठं मागून बसलेली एक बाई दार उघडून तयार होती, इतपत मी समजून घेते. त्यापुढं माझी मती चालत नाही. आणि ज्या रमाबाईंची उदाहरणं आपण प्रार्थनासभेत देतो, त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा 1921 साली त्यांच्या हयातीतच गेली. वर्षही झालं नाही तोवर, एप्रिल 1922 मध्ये रमाबाई गेल्या. मनोरमेसाठी आईनं मागितलं नसेल असं कोण म्हणेल? व्यासपीठावरून केडगावच्या विहिरी नेहमी ऐकायला मिळतात. मनोरमा क्वचितच.

आता नवसाचं. आमच्याकडं सप्टेंबरात हरेगावला मतमाउलीची, म्हणजे मरियामातेची, यात्रा भरते. ती कॅथलिकांची, पण गर्दी सगळ्या जातिधर्मांची. आमच्या सासूबाईंची धाकटी बहीण, आमची मावशीआजी, कॅथलिक घरात दिलेली, ती दरवर्षी पायी जायची. तिचा नवस असायचा, कधी नातवासाठी, कधी म्हशीसाठी. आम्ही प्रोटेस्टंट मंडळी तिला हसायचो, देवाशी सौदा करतेस म्हणून. ती एकदा म्हणाली, "तुमच्या बायबलात याकोबानं काय केलं मग?" आमची बोलती बंद. याकोब बेथेलला दगड उशाला घेऊन झोपतो आणि उठल्यावर म्हणतो, देव माझ्याबरोबर राहिला, खायला भाकर आणि नेसायला वस्त्र दिलं, मला सुखरूप घरी आणलं, तर तो माझा देव, आणि मिळेल त्याचा दहावा भाग मी त्याला देईन. हन्नाही शिलोला मुलगा मागते ती वचन देऊनच, मुलगा झाला तर तुलाच वाहीन. एली याजकाला वाटतं बाई पिऊन आलीय. म्हणजे नवसाला नाकं मुरडण्याआधी आपलं घर तपासावं.

मावशीआजीचा नवस मला खरं तर निर्मळ वाटतो. ती मागायची, चालायची, मेणबत्ती लावायची, घरी यायची. म्हैस मेली त्या वर्षीही गेली. माझा राग आहे तो आत्ताच्या मोबाइलवरच्या प्रचारकांवर. "विश्वासाचं बी पेरा, शंभरपट घ्या", खाली क्यूआर कोड. आमच्यातल्या एका विधवा बाईनं गाय विकलेल्या पैशातून असं बी पेरलं. शंभरपट राहू द्या, गायही गेली. तिला वर ऐकवलं की तुझा विश्वास कमी पडला. हे ऐकून मी वही बंद करून त्या शुक्रवारी नुसती भांडले. विश्वास कमी होता म्हणे! गाय विकून देणाऱ्या बाईचा? येशूनं मोहरीच्या दाण्याएवढा पुरे म्हटलंय.

मग विश्वास म्हणजे काय, असं मला मुली विचारतात. मला व्याख्या येत नाही. मला गेथशेमाने बाग माहीत आहे. तिथं, वधस्तंभावर जाण्याच्या आदल्या रात्री, येशू आधी मागतो: हा प्याला माझ्यावरून टळू दे. सरळ, उघड, आडपडदा न ठेवता. आणि मग म्हणतो, तरी माझ्या इच्छेप्रमाणे नको, तुझ्या. आमचे लोक दुसरं वाक्य आधी म्हणतात आणि पहिलं म्हणतच नाहीत. त्यानं पहिलंही म्हटलं, परत जाऊन पुन्हा म्हटलं, तिसऱ्यांदाही म्हटलं. आणि प्याला टळला नाही. पौलानंही आपल्या शरीरातल्या काट्यासाठी तीनदा मागितलं, काटा तसाच राहिला.

आमच्या वहीत उत्तराचा रकाना बराच रिकामा आहे. मध्यंतरी एका तरुण पाळकसाहेबांनी सुचवलं की देव तीन उत्तरं देतो, हो, नाही आणि थांब, म्हणजे रकाना रिकामा ठेवायचं कारणच नाही, "थांब" लिहा. मी नको म्हटलं. असं लिहायला लागलो तर काहीही घडलं तरी वही बरोबरच ठरणार, मग ती ठेवायची कशाला? देवानं "थांब" म्हटलं हे मला कुणी सांगितलं? मी फक्त एवढंच जाणते की उत्तर आलेलं मला दिसलं नाही. तेवढं कोरं ठेवणं हा मला खरेपणा वाटतो. स्तोत्रकर्ता तर याहून पुढं जातो, परमेश्वरा, किती काळ मला विसरणार, असं तोंडावर विचारतो. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र अंधारातच संपतं, शेवटी आशेची एक ओळही जोडलेली नाही. ते पवित्र शास्त्रात राहू शकतं, तर आमच्या वहीत कोरी जागा राहायला काय हरकत आहे?

आमच्या गल्लीतला एक मुलगा डायलिसिसवर होता. त्याचा विषय आम्ही पानामागून पानावर उतरवला, "किडनी मिळावी", मग "या आठवड्याचं डायलिसिस नीट व्हावं", मग "रात्री झोप लागावी". शेवटचं तेवढं बऱ्याचदा मिळालं, ते लिहिलंय. पहिलं मिळालं नाही. तो गेला तेव्हा बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होता. त्याची आई अजून शुक्रवारी येते. बसते, गीत म्हणते, दुसऱ्यांसाठी प्रार्थना करते. विषय द्यायची वेळ आली की मान हलवते, पुढं जा म्हणते. मी तिला "नेमकं काय?" विचारत नाही. तेवढी अक्कल मला आहे.

कारखान्याचं विचाराल तर थकीत पगाराचे काही हप्ते पुढं मिळाले, काही अजून कागदावरच आहेत. "पगार" हा विषय वहीत जुना होऊन गेला. हे निवृत्त झाले. आता ह्यांच्या प्रार्थना बऱ्याच सुधारल्यात. परवा रात्री चक्क मोटारीच्या स्टार्टरसाठी मागत होते, पाणी द्यायचा नंबर आमचा होता म्हणून. मी डोळे मिटूनच हसले.

या जूनमधली गोष्ट. शेजारची पोरगी, बारावी झालेली, नर्सिंगच्या प्रवेशासाठी थांबलेली. माझ्याकडं आली आणि म्हणाली, "काकू, मला सरकारी कॉलेजची सीट मिळावी असं मागू का? जागा ठरलेल्या आहेत. मला मिळाली म्हणजे कुणाची तरी जाणार. तीपण कुठंतरी प्रार्थना करत असेल." मला हा प्रश्न मोठ्या माणसांनी कधी विचारला नव्हता. मी तिला म्हटलं, तू तुझं माग. दुसरीचं काय करायचं ते त्याला बघू दे, त्याला दोघींची नावं माहीत आहेत. वाटलं तर तिच्यासाठीही माग. फक्त पेपर लिहून झाल्यावर मार्क वाढवून मागू नकोस, ते आता लिहून झालंय.

ती म्हणाली, "मग निकालाच्या आदल्या रात्री माझी आई तेच मागत होती, ते चुकीचं का?"

मला उत्तर देता येईना. तिला म्हटलं, चुकीचं काय त्यात, आई आहे ती. पोरगी म्हणाली, "म्हणजे आईनं मागितलं तर चालतं आणि मी मागितलं तर नाही?" आणि वही माझ्यापुढं सरकवून म्हणाली, लिहा, सरकारी कॉलेज, पहिल्या फेरीत. मी लिहिलं. तिच्या नावाखाली तिनं अजून एक ओळ घालायला लावली: "दुसरी मुलगी, नाव माहीत नाही, तिलाही कुठंतरी." पाळकीणबाई विचारत होत्या, हा विषय कुणाच्या नावावर धरायचा?